विजयमालाच्या नावाचा फोटो

ऋतुजाची सोयरीक माजलगावच्या विजयसिंहांच्या घरात झाली, तर तिच्या बापाच्या, शिवशंकरच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. कारखान्यात कायम नोकरी असलेला जावई, स्वतःच्या उसाला वेळेवर तोड, आणि व्याह्याच्या शब्दावर पंचायत समितीचं तिकीट. तिसरी गोष्ट तो कुणाजवळ बोलत नसे. आडवं आलं होतं ते एकच. त्याच्या बायकोची, विजयमालाची, सख्खी बहीण दिवाळीत छातीच्या कॅन्सरनं गेली. तेव्हा विजयसिंह गोडीत म्हणाले, "पोरीच्या आईचा फोटो काढून घ्या. क्लिअर आला की सुपारी फोडू."

बीडच्या सेंटरात छातीचा फोटो, मॅमोग्राफी, काढला. तो पांढरा आला. खाली लिहिलं होतं, गाठ नाहीच असं सांगता येत नाही, सोनोग्राफी करावी. असला कागद सोयरिकीत चालत नाही.

पण शिवशंकर नुसता बसून राहणारा माणूस नव्हे. त्या दिवशी बीडच्या सेंटरातल्या बाकावर त्यानं बायका मोजल्या होत्या. तरण्या बाया सोनोग्राफीच्या रांगेत जात होत्या, म्हाताऱ्या कागद घेऊन घरी. डॉक्टर लोक जे शिकायला वर्षं घालवतात, ते तो एका सकाळीत दोन कप चहावर शिकला: तरणीचा फोटो पांढरा येतो, म्हातारीचा स्वच्छ. पुढं नेकनूरला तपासणीची गाडी आली, तेव्हा त्यानं बायकोच्या आधारकार्डावर आईला, केसरबाईला, उभं केलं.

आज बीडहून फोन आला, पेशंटला घेऊन या. कोणत्या, हे फोनवर विचारता येईना. त्यानं दोघींना आणलं.

नेकनूरच्या गाडीतले फोटोही बीडच्याच डॉक्टर स्वप्नाली बघतात, हे त्याला खुर्चीत बसल्यावर कळलं. पडद्यावर दोन फोटो शेजारी-शेजारी होते.

"विजयमाला कोण?"

केसरबाईनं ठरल्याप्रमाणं हात वर केला. विजयमालानं सवयीनं.

"वय त्रेचाळीस," डॉक्टर म्हणाल्या. "दोन महिन्यांत तीस वर्षांनी म्हातारी झालेली छाती मी पहिल्यांदाच बघतेय."

"गाडीचं मशीन येगळं असंल, मॅडम," शिवशंकर म्हणाला.

"मशीन कुठलंही असू द्या. हा पहिला बघा. कापसाच्या गंजीत पांढरा दोरा शोधायचा. असला तरी दिसेलच असं नाही, माझ्याही नजरेतून सुटतो. म्हणून सोनोग्राफी लिहिली होती. केली?"

विजयमालानं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडं.

"आणि हा दुसरा. काळं रान. इथं लपायला जागा नाही." त्यांनी बोट ठेवलं. काळ्यात एक पांढरा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा, कडेनं कुसळं फुटलेला. "हे कुणाचं आहे?"

केसरबाईनं पदर सारखा केला. "माजं."

"आजी, लक्षण चांगलं नाही. सुईनं तुकडा घेऊन तपासावं लागेल. पण वेळेत सापडलंय. ऑपरेशन केलंत तर बऱ्या होण्यासारखं आहे." मग त्या शिवशंकरकडं वळल्या. "कागदावर आजींचं नाव घालते. आणि विजयमालाबाईंची सोनोग्राफी आत्ताच, शेजारच्या खोलीत."

शिवशंकरनं मनात हिशेब मांडला. बायकोच्या नावावर राहू दिलं तर सोयरीक मोडते. आईच्या नावावर घातलं तर ती पोरीची आजीच, रक्त तेच.

"मॅडम, लगीन होईस्तोवर कुणाच्याच नावावर नको."

"नाव घाला नाहीतर घालू नका, गाठ अंगात आहे."

"बाई," केसरबाई म्हणाली, "चार-पाच म्हैने थांबतंय का हे?"

"मी थांबा म्हणणार नाही, आजी."

"थांबू का म्हून न्हाई इचारलं. त्ये थांबतंय का, त्ये इचारलं."

डॉक्टरांनी पेन उचललं. त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक सुईची, एक सोनोग्राफीची, आणि दोघींच्या हातात दिल्या. जिन्यात शिवशंकरनं त्या मागून घेतल्या. "हरवताल," म्हणाला, आणि घडी करून खिशात घातल्या. शेजारच्या खोलीकडं कुणी वळलं नाही.

खाली बाकावर टेकल्यावर विजयमाला हळूच म्हणाली, "आत्याबाई, म्या सांगते माजलगावच्या लोकायला खरं काय ते. मोडू द्या लगीन."

"अन् पोर जलमभर म्हनल, आजीच्या दान्यापायी मोडलं. गप बस."

"तुमचं निदान दिसलं तरी. माज्यात काय हाय, त्ये कुनाला म्हाईत?"

 सासूनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

चार पावलांवर शिवशंकर फोनवर होता. उमापूरच्या सुंदरबाईशी, केसरबाईच्या पाठच्या बहिणीशी. "आधारकार्ड नको आनू मावशी, त्ये माज्याकडं हाय. तू फकस्त ये. औंदा पोरीचं लगीन हाय, तेवढ्यासाठी. संभाजीनगरला जाऊ, तिथं आपल्याला कोन वळखतंय. लई येळ लागत न्हाई, एक फोटो तर काढायचा."

एका सोयरिकीला आतापर्यंत दोन बाया लागल्या होत्या. तिसरी कुठली साडी नेसू, असं विचारत होती.

केसरबाईनं लेकाला हाक मारली. त्यानं फोनवर हात ठेवून मान वळवली.

"सुंदरीला म्हनावं, छाती घरूनच नीट चाचपून ये."