सामाईक कप्पा

फाइल पुन्हा सेव्ह झाली नाही. पडद्यावर तीच ओळ आली : या कप्प्यातलं फक्त वाचता येईल, त्यात काही लिहिता येणार नाही. धाकट्या भावाने माऊस आपटला.

संकलनाच्या त्या खोलीत कॉम्प्युटर एकच होता. सकाळी ताई त्यावर विंडोजमध्ये माहितीपटांची उपशीर्षकं लिहायची. दुपारनंतर धाकटा त्याच कॉम्प्युटरवर लिनक्स ही दुसरी प्रणाली सुरू करून त्याच माहितीपटांची काटछाट आणि जोडणी करायचा. हार्ड डिस्कचे त्याने तीन कप्पे केले होते. एक तिचा, एक त्याचा आणि एक सामाईक, एकाच्या फाइली दुसऱ्याला मिळाव्यात म्हणून. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एकदा परक्या माणसांसमोर ताई बोलून गेली की याची जोडणी फसलीय. त्याने ते मनाला लावून घेतलं. बोलणं बंद झालं, आणि नेमका तेव्हापासून हा कप्पाही अडून बसू लागला.

कारण त्याला ठाऊक होतं. विंडोज बंद झाल्यासारखं दिसायचं, पण पुढच्या वेळी पटकन सुरू होता यावं म्हणून अर्धवट जागं राहायचं आणि सामाईक कप्पा धरून ठेवायचं. मग वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताईला जिन्यातून हाक मारायची. ती सावकाश उतरणार, विंडोज उघडायला आपला पासवर्ड टाकणार, कॉम्प्युटर रीस्टार्ट करणार आणि मुकाट्याने वर जाणार. उठताना रीस्टार्ट करत जा, अशी चिठ्ठीही त्याने पडद्याला चिकटवून पाहिली. ताईने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

आज संध्याकाळपर्यंत माहितीपट पाठवायचा होता. त्याचं डोकं फिरलं. ताईने येऊन पासवर्ड टाकला तसं त्याने तिला खुर्चीवरून उठवलं. रोजची ही कटकट आता कायमचीच मिटवतो, म्हणाला. तो सेटिंगमध्ये शिरला. झटपट सुरू होण्याच्या चौकटीत बरोबरची खूण होती. तो चक्रावला. त्याला आठवलं, ही खूण तर त्याने पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. एखाद्या अपडेटने परत आली असेल, असं पुटपुटत त्याने माऊस तिकडे नेला.

"अपडेटने नाही. मी लावली," ताई म्हणाली.

त्याने वळून पाहिलं. "माझं काम अडतं हे कळत असून?"

"अडलं की निदान हाक तरी मारतोस."

त्याने खूण काढून टाकली. ताईचा चेहरा पडला. पासवर्ड आता लागणार नाही ना, एवढंच विचारून ती जिन्याकडे निघाली.

"ताई, बस ना थोडा वेळ," तो म्हणाला. "माझं काही अडलेलं नाही."