अकी उन्तातची धार

"नळी निघाली. आता पुढचं काम तुमचं," नर्स सेंदी म्हणाली आणि हातमोजे काढून तिनं ओसरीच्या चटईवर बसकण मारली.

अकी उन्तातनं, म्हणजे उन्तात आजोबांनी, वाकून आपली मांडी बघितली. महिनाभर तिथं बांधलेली लघवीची पिशवी गेली होती. मांडी कशी पोरकी दिसत होती.

"माझं मला जमत असतं तर तुला नदीवरून एवढ्या लांब कशाला बोलावली असती, पोरी?"

"वयानं प्रोस्टेटची गाठ वाढली, तिनं वाट दाबली. गोळ्यांनी वाट मोकळी झाली असेल. दुपारी माझी होडी निघायच्या आत धार लागली तर सुटलात. नाही लागली तर नळी परत आत, आणि तुम्ही माझ्याबरोबर शहरात. ऑपरेशनला."

"आणि तिकडेच मेलो तर? इथल्या मातीत कोण पुरणार मला?"

"मी पाठवलेले सगळे परत आलेत, अकी. मुतत मुतत आलेत."

अकीनं केटलीभर पाणी घशात ओतलं आणि तो बाहेरच्या बांबूच्या मचाणावर गेला. टोकाला चटईचा आडोसा केला होता. त्यामागे जाऊन उभा राहिला.

आता लांबघर म्हणजे वीस दारं, एक छप्पर आणि एकच ओसरी. पहिल्या दारात कुणी कूस बदलली तर शेवटच्या दारातल्याची झोप मोडते. त्यामुळं अकीचं आज काय आहे हे सगळ्यांना ठाऊक. मिरीच्या मळ्यात कुणी गेलंच नव्हतं. आणि रानातला शकुनाचा पक्षी बोलायला लागला की सगळं घर जसं गप्प होतं, तसंच तेव्हा गप्प झालं. नशीब काय म्हणतंय ते ऐकायचं तर बडबड करून कसं चालेल? आयांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. कुत्र्यांनी जिभा आत घेतल्या. एक कोंबडा दाणा टिपायला निघाला होता, तो एका पायावर तसाच उभा राहिला. नदीसुद्धा त्या वळणावर जरा हळू झाली. खोटं कशाला बोलू!

आडोशामागून काही नाही.

बऱ्याच वेळानं अकीचा आवाज आला, "ऐकताय काय रे सगळे?"

"नाही, अकी!" वीस दारं एकदम बोलली.

अकी बाहेर आला, आणखी पाणी प्याला, परत आत गेला. कपाळावर घाम होता. पुन्हा बाहेर आला तेव्हा सेंदीनं त्याच्या ओटीपोटावर हात ठेवून बघितलं. तिचं हसू गेलं.

"तट्ट भरलंय. आता फार वेळ थांबता येणार नाही." तिनं पिशवीतून नव्या नळीचं पाकीट काढलं. "जा, एकदा शेवटचं बघा."

अकी गेला. जाताना त्यानं बायकोकडं बघितलं. लढाईला निघालेला माणूस बघतो तसं नाही हो, लढाई हरून आलेला बघतो तसं.

घराचा मुखिया, म्हणजे तुआई, जिम्बुन अकीच्याच वयाचा. तो हळूच कुजबुजला, "बापड्यासाठी आणखी गप्प बसा रे. श्वाससुद्धा दाबून घ्या."

तेव्हा अकीची बायको, इनी मिंदू, म्हणजे मिंदू आजी, तोंडातलं पान थुंकून उठली.

"जिम्बुन, तुझ्या अकलेला आग लागो! एवढ्यांनी कान टवकारल्यावर कुणाची धार सुटेल? तुझी सुटेल?"

जिम्बुनला का कोण जाणे, ठसका लागला.

मिंदूनं भिंतीवरची परातीएवढी पितळी घंटा खाली घेतली. अशुभ पक्षी ओरडला तर त्याचा आवाज कानी पडू नये म्हणून अशा घंटा बडवतात.

"अगं, पण पक्षी कुठं ओरडलाय?" जिम्बुन म्हणाला.

"तुम्ही सगळे अशुभ पक्षीच आहात, मेल्यांनो! वाजवा!"

आणि मग जे सुरू झालं! घंटा, ढोल, पातेली, डब्यांची झाकणं. पलीकडच्या काठावर झाडांवरून दुरियानची काटेरी फळं पिकायच्या आधीच धपाधप पडली. मासे घाबरून होड्यांत उड्या मारायला लागले. खालच्या वळणावरची माणसं, इथं लग्न आहे समजून, कपडे बदलून निघाली म्हणे.

मिंदूनं हात वर केला. सगळं एका क्षणात थांबलं.

मचाणाखाली डुकरांच्या खोपटाचा पत्रा आहे. त्या पत्र्यावर आधी टप्प झालं. मग टपटप. मग ते थेंब एकमेकांना धरत गेले आणि धार झाली. जाड, सरळ, न तुटणारी.

कुणी हसलं नाही. हसायचं कुणाला सुचलंच नाही. सेंदीच्या हातातलं पाकीट हातातच राहिलं. म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या, देव अंगणातून चाललाय आणि आपण वर बघायचं नाही, तशा. मिंदूनं ओठांवर बोटं धरली होती. इतकी वर्षं हा आवाज तिच्या घरात रोज होता, आणि तिनं तो आजच ऐकला.

"थांबलात कशाला?" आडोशामागून अकी ओरडला. "वाजवा की! अजून आहे!"

कुणी वाजवेना. जिम्बुननं घंटेची काठी खाली ठेवली. तो सरकत सरकत सेंदीजवळ आला आणि दुसरीकडंच बघत म्हणाला, "पोरी, त्या गोळ्या… उरल्यात का? एकाला हव्यात."

"गोळ्या अशा वाटत नाहीत, तुआई. आधी तपासावं लागतं. कुणाला हव्यात?"

जिम्बुन तिथंच खाली बसला. त्याच्या मागं मिरीवाला म्हातारा येऊन बसला. त्याच्या मागं होडीवाला. मग आणखी एक, मग आणखी. एकमेकांकडं न बघता, नदीवरून कुणी यायचं असल्यासारखे सगळे नदीकडं तोंड करून ओळीनं बसले.

खाली पत्रा वाजतच होता.