मागचं वजन

बबनकाकांनी तीनचाकी स्कूटर भूपेशच्या गॅरेजसमोर थांबवली. कुबड्या काढाव्या लागू नयेत म्हणून ते बसल्या जागीच म्हणाले, "मागचा शॉकअप टाईट कर रे. गाडी लय दबते, खड्ड्यात खाली घासते."

मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी सुंदरामावशी सावकाश उतरल्या आणि धाप लागून बाकड्यावर टेकल्या.

"दोन महिन्यांपूर्वी गाडी नुसती उडायची," काका खुशीत होते. "आता औषध लागू पडलं. वजन वाढतंय तुझ्या मावशीचं."

भूपेशनं मावशींच्या दंडावर सैल पडून लोंबणारी ब्लाऊजची बाही पाहिली. पाना फिरवायला जागा व्हावी म्हणून त्यानं मागे ठेवलेली मावशींची पिशवी उचलली, तर त्याचा हात खाली ओढला गेला. हॉस्पिटलच्या फायलीखाली टॉवेलात गुंडाळलेले दोन पेव्हर ब्लॉक होते.

काकांच्या पाठीमागून मावशींनी त्याला हात जोडले.

भूपेशनं शॉकअप एक खाच आवळला आणि पिशवी होती तशी परत ठेवली.

"झालं, काका. पुढच्या महिन्यात अजून दबली तर आणा," तो मावशींकडे बघत म्हणाला, "अजून दोन खाचा बाकी आहेत."