लावू का?

माझी बेकरी आणि थोरल्या जाऊबाईंची लाँड्री, मध्ये एक भिंत. माझा ओव्हन आणि त्यांचा ड्रायर एकदम लावला की खांबावरचा फ्यूज उडायचा. म्हणून आधी भिंतीवर थाप मारून विचारायचं, "ताई, लावू का?" पलीकडून कधी यायचं, "थांब गं, चादरी आहेत." बहुतेक वेळा मात्र, "लाव."

धंदा वाढला तसा मी दुसरा, मोठा ओव्हन घेतला. त्याला जादा लोड लागणार होता. वीज कचेरीतले साहेब तीन वर्षं एकच सांगत राहिले, "ट्रान्सफॉर्मर भरलाय, बाई. कुणी लोड सोडला तरच तुमचा नंबर." ओव्हन झाकायला ताईंनीच एक धुतलेली चादर दिली. हळूहळू त्यावर आम्ही डबे ठेवायला लागलो.

गेल्या महिन्यात वायरमन आपणहून आला आणि नवा मीटर बसवायला लागला.

"कुणी सोडला लोड?" मी विचारलं.

त्याने पक्कडीने भिंतीकडे दाखवलं.

चादरी वेळेवर वाळत नाहीत म्हणून हॉटेलवाल्यांनी ताईंचं काम कधीच काढून घेतलं होतं. मला त्या काही बोलल्या नव्हत्या.

आता माझे दोन्ही ओव्हन एकदम चालतात. तरी बटणाकडे हात गेला की तोंडातून निघतंच, "ताई, लावू का?"

"लाव," त्या म्हणतात. माझ्या शेजारीच उभ्या असतात, माझे ट्रे पुसत.