सरहद्दीवरची तपासणी

रोमानियाची सरहद्द जवळ आली तशी रेल्वेच्या डब्यात रोदिका पिकलेले केस विंचरून, नवाकोरा पासपोर्ट हातात धरून ताठ बसली. “अगं बये, आता हंगेरीत शिरताना कुणी तपासत नाही,” सॅकमधून पाव काढत तिची मैत्रीण स्मारांदा हसली. रोदिका हलली नाही. तरुणपणी, हुकूमशाहीच्या काळात, तिने पासपोर्ट मागितला तेव्हा पोलिसांनी नुसतं विचारलं होतं, “कुठं जायचंय?” त्यांची नजर बघून ती “कुठंच नाही” म्हणत घरी परतली होती. सरहद्दीवर गाडी थांबली, सुटली. डब्यात कुणीच आलं नाही. रोदिकाचा चेहरा उतरला. स्मारांदाने घास गिळला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि दरडावलं, “पासपोर्ट.” रोदिकाने तो पुढे केला. स्मारांदाने फोटो पाहिला, मग तिला न्याहाळलं. “कुठं जायचंय?” अख्खा डबा बघत होता. रोदिका उठून उभी राहिली. “व्हिएन्नाला. मग व्हेनिसला. पुढं माझी मर्जी.”