कमी फिरलेली गाडी

"काका, मीटर मागं फिरवलाय ह्याचा," महांतेश गाडीतून उतरत म्हणाला आणि त्यानं दार हळूच लावून घेतलं.

नरसिंगरावांना ते फार लागलं. चिकपेटेत चाळीस वर्षं त्यांनी कापड विकलं, पण कधी कुणाला बोटभर कमी दिलं नाही. आणि आज बनशंकरीत, स्वतःच्या दारात, नातवाच्या वयाचा पोरगा त्यांना लबाड ठरवत होता. तेही ह्या कानडी शहरात आपल्या मराठीत, म्हणजे ऐकण्यात चूक झाली म्हणायचीही सोय नाही.

पोरगा तसा वाईट नव्हता. निपाणीकडचा, महादेवपुऱ्यात नोकरीला. बायकोला सातवा महिना लागला होता म्हणून जुनी गाडी शोधत होता. पण नऊ वर्षांची गाडी आणि मीटरवर जेमतेम तीनशे ऐंशी किलोमीटर, हे काही त्याच्या गळी उतरेना. त्यानं सर्व्हिसची नोंद मागितली. ती नव्हती. जी गाडी फिरतच नाही तिला सर्व्हिस कशाला, हा नरसिंगरावांचा खाक्या. आता आली का पंचाईत! लोकांना गाडी फार फिरली ते लपवावं लागतं, आणि ह्या गृहस्थांना ती फिरलीच नाही हे पटवून द्यायचं होतं.

त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. गाडी घेतली ती भागीरथीबाईंसाठी. बायकोचे गुडघे गेले होते, बसची पायरी चढवत नव्हती आणि तिची धाकटी बहीण अहल्या शहराबाहेर होसकोट्याला. माहेरचं म्हणावं असं दोघींना एकमेकींशिवाय कुणी नाही. पहिल्याच महिन्यात ते तिला घेऊन गेले. बहिणी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. परत येऊन बघतात तर दारासमोरच्या जागेवर शेजारच्या पीजीतल्या कुणाची तरी गाडी. बनशंकरीत एक वेळ भाड्यानं घर मिळेल, पण रस्त्याकडेची सावलीतली जागा एकदा गेली की गेली. गाडी तिसऱ्या गल्लीत लावावी लागली. सकाळी बघतात तो पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत लांबलचक ओरखडा. नरसिंगराव दोन दिवस धड जेवले नाहीत.

जागा परत मिळाली तशी गाडी दारासमोरच्या करंजाखाली ठाण मांडून बसली ती बसलीच. डॉक्टरकडे रिक्षानं, लग्नाला मेट्रोनं, भाजीला पायी. दर रविवारी ते आत बसून पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवत. खंडेनवमीला चाकांखाली लिंबं ठेवून गाडी चार हात पुढं न्यायची आणि चार हात मागं आणायची, वर्षाचा प्रवास म्हणाल तर तेवढाच. तरी खर्च काही चुकला नाही. उभ्या उभ्या बॅटऱ्या गेल्या, टायर चिरले, उंदरांनी वायरी खाल्ल्या. विमा दर वर्षी न चुकता भरला. जावयासारखी पोसली हो गाडी!

सांगताना त्यांना आधी जोर चढला होता. मग आवाज उतरत गेला. कारण काहीही सांगायला गेलं तरी बोलणं होसकोट्यापाशी येऊन अडत होतं. भागीरथीबाईंनी विषय काढला की पुढच्या रविवारी जाऊ, असं ते म्हणत. पुढं पुढं तिनं विषय काढणंच सोडलं. दोन वर्षांपूर्वी अहल्या वारली आणि गाडीचं कारणच संपलं, एवढं सांगून ते थांबले. कशी वारली, त्या दिवशी काय झालं, त्यात ते शिरले नाहीत.

परक्या पोरासमोर बोलताना नरसिंगरावांना आज पहिल्यांदाच लाज वाटली. इतके रविवार आपण एकटेच आत बसून इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो, आणि ही दारात उभी राहून बघत होती. तिला नुसतं, ये, बस, म्हणायला काय झालं होतं? पण आता माघार घ्यायचीही सोय नव्हती. हे सगळं खरं ठरलं तरच त्यांचं नाव राहणार होतं.

महांतेशनं सगळं ऐकून घेतलं. तरी त्याच्या तोंडावरचा संशय जाईना. गाडी विकायला निघालेला माणूस वाटेल ते सांगतो. त्यानं पायरीवर बसलेल्या भागीरथीबाईंकडे पाहिलं. त्या कॉफी घेऊन आल्या होत्या आणि गुडघ्यांमुळे तिथंच टेकल्या होत्या.

"काकू, तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते मी मानतो."

नरसिंगरावांना हायसं वाटलं. पन्नास वर्षांच्या संसारात ही बाई कधी खोटं बोलली नव्हती. सांग बाई त्याला, असं ते घाईघाईनं म्हणालेही.

भागीरथीबाईंनी पेला खाली ठेवला. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मीटर खरा आहे, बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीचं कळलं त्या सकाळीसुद्धा गाडी इथनं हलली नाही. दोन बस बदलून आम्ही होसकोट्याला पोचलो, तोवर तिच्या घरच्यांनी वाट बघून तिला नेलं होतं. तिला ठेवलं होतं त्या जागी नुसता दिवा होता."