एकदा फोन करावा

जुने फोटो उजळणारा प्रोग्रॅम आजोबांनी फुकट देऊन टाकला. अट एकच: वापरणाऱ्याने त्यांना एकदा फोन करावा. कुणीच केला नाही.

मग मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहातून एका मुलीचा फोन आला. "आजोबा, अट असली तर आम्हाला पुढे वाटता येत नाही. तेवढी काढा की!"

"काढतो गं. कशी, ते उद्या नीट सांग."

ती रोज सांगायची. जाता जाता खोकल्याचंही विचारायची.

"आज शेवटचा दिवस हं, नाहीतर यंदाच्या संग्रहातून वगळतील. एवढा प्रोग्रॅम लिहिलात नि एक ओळ खोडता येईना?"

"वय झालं, बाई."



पहिल्या फोननंतर लगेच अट खोडून ठेवलेली फाइल न पाठवताच बंद करत त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी परत फोन करशील ना?"